कालवणातून सुटलेला मासा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. रत्नागिरीहून आलेल्या आत्याला ते दाखवायला नेलं. पाण्यातले रंगीत कोई मासे दिसताच ती कठड्यावरून वाकली आणि पहिला प्रश्न आला, "खातात का रे हे?"

मी हसलो. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, आत्याने अगदी मुळालाच हात घातला होता.

जपानच्या निइगाता प्रांतात यामाकोशी नावाचा डोंगराळ भाग आहे. उतारावर भातखाचरं आणि हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ. वाटा बंद झाल्यावर खायचं काय? म्हणून शेतकरी शेततळ्यांत कार्प मासे पाळायचे. आपली पावसाळ्याची सुकटीची बेगमी असते ना, तशीच ती. दोनशेएक वर्षांपूर्वी त्या काळपट माशांत मधूनच एखादा लाल, एखादा पांढरा निघू लागला. त्यावर सुरी चालवायला कुणाचा तरी हात धजावला नसणार. मग जोड्या लावणं आलं, निवड आली. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात हे मासे मांडले आणि देशभर बोलबाला झाला.

नाव पडलं निशिकीगोई, थोडक्यात कोई. निशिकी म्हणजे जरीकामाचं उंची कापड, आपला किनखाब. मासा तळ्यातला, नाव साडीच्या दुकानातलं!

कोई बघायचा तो वरून. काचेच्या पेटीत बाजूने बघितला तर निम्मी मजा गेली. कोहाकू जातीचा मासा घ्या, पांढऱ्या अंगावर लाल पट्टे. पट्ट्याची मागची कड कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ लागते. पुढच्या कडेला मात्र लालावर पांढरे खवले चढलेले असतात, त्यामुळे तिथे पुसट गुलाबी झाक येते. जाणकार तीही न्याहाळतात. तांचोच्या तर फक्त डोक्यावर गोल लाल टिळा. फोटो पाहून आत्या म्हणाली, "ह्याला कुंकू कुणी लावलं?"

२३ ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीचे रस्ते खचले, तळी फुटली. माणसांना हेलिकॉप्टरने हलवावं लागलं आणि पुढे वाचलेल्या माशांनाही. हे मी आत्याला फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "बर्फ घातला होता ना नीट?"