मागच्या भिंतीतली मोरी

२९ ऑक्टोबर, बुधवार

रताळी गेली. कार्तिकी एकादशी चार दिवसांवर असताना गेली.

सकाळी आई (माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते) चहाचा कप घेऊन परसात गेल्या आणि तिथूनच हाक मारली. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी धावले. वाफ्यात सात-आठ खड्डे, वेल उलटेपालटे पडलेले, चार-पाच रताळी अर्धी खाऊन टाकलेली. उरलेल्या तुकड्यांवर पटाशीने ओढल्यासारख्या दातांच्या रुंद, खोल रेघा. मला वाटलं, रानडुक्कर. आई म्हणाल्या, "डुकरानं समदा वाफा नांगरून टाकला आस्ता. ह्ये बग, जिथं रताळं हाय तिथंच उकरलंय. साळू आलंतं."

मग वेलाखाली काटा सापडला. वीतभर लांब, काळा-पांढरा, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळता. आईंनी तो पदराला पुसला आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला. रताळ्यांचं दुःख क्षणात मागे पडलं. त्या सांगू लागल्या, त्यांच्या माहेरी भटजींच्या घरी असा काटा जपून ठेवलेला असायचा. पहिलटकरणीच्या सीमंताला नवऱ्याने साळूच्या काट्याने बायकोचा भांग पाडायचा. त्या काट्यावर तीन पांढरे पट्टे हवेत. आमच्या काट्यावरचे मी मोजले. चार होते.

दोन वर्षांपूर्वी पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा मागच्या बाजूला कॅमेरा बसवला होता. संध्याकाळी लेकीबरोबर त्यातलं रात्रीचं चित्रण पाहिलं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी भिंतीतल्या मोरीतून एक बुटकं, रुंद काहीतरी आत आलं. डोळे दोन पांढरे ठिपके. मागोमाग दुसरं. काटे अंगालगत मिटलेले, चाल अगदी घरच्यासारखी. पाऊण तास दोघं वाफ्यात होती. लेकीने विचारलं, "नवरा-बायको आहेत का?" असतील. साळिंदरं जोडीने राहतात, एकाच बिळात.

आमची मोरी म्हणजे परसातलं पावसाचं पाणी मागच्या ओढ्यात जावं म्हणून भिंतीच्या पायाशी ठेवलेली चौकोनी वाट. सव्वा फूट रुंदीची. ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्या वर सरळ अजिंक्यताऱ्याचा उतार.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

एकादशीला रताळी मंडईतून आणली. आईंनी खाल्ली, पण "ह्यात मातीची चव न्हाय" म्हणाल्या.

रविवारपासून साळू फिरकलेलं नाही. मी हिरमुसले होते, पण आई म्हणतात की टिपूर चांदण्यात ते बाहेर पडायला कचरतं. मी वाचलं, तर अभ्यासकांनीही हेच नोंदवलेलं आहे. उजेडात आपण दिसतो हे त्याला कळतं. आईंना हे कुणी शिकवलं, असं विचारलं. "कुनी शिकवायचं? रताळी आमचीबी जायाचीच की."

लेक शाळेतून ऐकून आली होती की साळिंदर काटे बाणासारखे फेकतं. तसं नसतं. ते पाठ वळवून काटे फुलवतं आणि उलटं चाल करून येतं. जो जवळ असेल त्याच्या अंगात सैल झालेले काटे रुतून बसतात. काटा म्हणजे राठ झालेला केसच, आपली नखं ज्याची बनतात त्याच पदार्थाचा. कोनाड्यातला काटा तिच्या बोटावर टेकवला, तर म्हणाली, "हा तर नखासारखाच लागतोय."

९ नोव्हेंबर, रविवार

आज वाद झाला. नको तेवढा झाला.

आमची पपई कुणीतरी खातंय. पिकायला आली की रात्रीत वरून कोरलेली, आतला गर चाटूनपुसून नेलेला. मागच्या भिंतीच्या माथ्यावर, ठरावीक एकाच जागी, बियांनी भरलेली विष्ठा. शेजारच्या काकांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. "मसण्याऊद आहे. पोरंबाळं असलेल्या घरात हे बरं नव्हे."

लहानपणी मीही ऐकलंय. मसण्याऊद स्मशानात राहतो, पुरलेली लहान मुलं उकरून काढतो. ते नाव उच्चारताना आजी आवाज खाली घ्यायची. मी काकांना कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. मांजरापेक्षा लांबट अंग, डोळ्यांभोवती काळा मुखवटा, अंगाएवढी शेपटी, पपईच्या खोडावर खारीसारखं चढणारं. ते उदमांजर आहे. मुख्यतः फळं खातं; उंदीर, किडे मिळाले तर तेही. ज्याच्या शेणात दिवसाढवळ्या पपईच्या आणि सीताफळाच्या बिया दिसतात, त्याच्यावर मढी उकरल्याचा आळ घ्यायचा? मी हे जरा चढ्या आवाजात बोलले. काका वयाने मोठे आहेत, तसं बोलायला नको होतं. संध्याकाळी जाऊन माफी मागून आले. पण जे बोलले ते मागे घेतलं नाही.

ते म्हणाले, ओळखीच्या एकाकडे पिंजरा आहे, नाहीतर खाण्यात औषध घालू. माझ्या पोटात गोळा आला. नुसत्या एका नावापायी.

बंगालीत ह्याच प्राण्याला गंधगोकुळ म्हणतात. त्याच्या अंगाला शिजणाऱ्या सुवासिक तांदळाचा वास येतो म्हणून. हे वाचलं आणि मला एकदम आठवलं. गेल्या पावसाळ्यात दोन-तीनदा रात्री अकराच्या सुमारास परसात आंबेमोहोराचा भात शिजल्यासारखा वास आला होता. मी नवऱ्याला म्हणालेही होते, एवढ्या उशिरा कुणाकडे भात लावलाय? त्या भिंतीपलीकडे घर नाही. ओढा आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला, किल्ल्याच्या रस्त्याला बिबट्या दिसला. सोबतचा फोटो बघून वाटलं हा भलतीकडचाच असणार, पण बातमी खोटी असेल असं नाही. ऊसतोड सुरू झाली की बिबट्यांचा आडोसा जातो आणि ते हलतात. शिवाय आमच्या कोपऱ्यावर उष्टं-खरकटं टाकायची जागा आहे, तिथे कुत्री जमतात. कुत्री जिथे, तिथे तो येणारच.

रात्री जेवणं झाल्यावर गल्लीतली सगळी जमली. ठरलं ते असं की मागच्या सगळ्या भिंती दोन-दोन फूट वाढवायच्या, मोऱ्या सिमेंटने बुजवायच्या, पाण्याला बारीक पाइप ठेवायचा. गवंडी एकच, खर्च वाटून. एक जण म्हणाला, भिंत कशाला, तारेत करंट सोडा. मी आणि नवरा दोघंही एकदम "नाही" म्हणालो. तो गुन्हा आहे, आणि तशा तारांना चिकटून माणसंही मेलेली आहेत. तो विषय तिथेच थांबला.

पण भिंतीच्या बाबतीत मी गप्प राहिले. लेक नऊ वर्षांची आहे. सायकल मागच्याच अंगणात असते, संध्याकाळी ती तिथेच खेळते. रात्री दोनदा उठून तिच्या खोलीची खिडकी लागलेली आहे ना ते पाहिलं. साळिंदराचं कौतुक करणारी मीच, आणि अंधारात हात थरथरत होता तोही माझाच.

मोबाईलमध्ये वन विभागाचा १९२६ हा क्रमांक ठळक करून ठेवला आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई तीन दिवस काही बोलल्या नाहीत. आज भाजी निवडताना बोलल्या.

"वाघराला भिंत कसली आडवती? त्येला उडी येती. मोरी बुजवून आडणार ते साळूच."

आई बिबट्या म्हणत नाहीत. वाघरू म्हणतात, आणि रात्री तेही नाव घेत नाहीत. सापालाही रात्री साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं. त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यात होतं. होतं, कारण ते आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या तेरा-चौदा वर्षांच्या. ह्या गोष्टी त्या सहसा काढत नाहीत. आज मेथीची पानं खुडता खुडता, माझ्याकडे न बघता सांगत होत्या.

"पानी वर याय लागलं तवा आमच्या आदी जनावरं निगाली. रातच्याला वरच्या अंगाला वाजायचं. साळू, भेकरं, डुकरं. पोरंटोरं घिऊन चाललीती. आमचा आबा म्हनायचा, बगा, त्यास्नी नोटीस न्हाय का मोबदला न्हाय. आमास्नी गाडी तरी आली."

त्यांच्या माहेरच्या जागेवर पाणी आहे आणि त्या पाण्याच्या वरचं रान कोयना अभयारण्यात आहे. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मी आईंना म्हणाले, तुमच्या गावच्या वरच्या अंगाला आता वाघांसाठी राखलेलं रान आहे. त्या म्हणाल्या, "आसू दे की. कुनी तरी ऱ्हातंय म्हंजी तितं."

मी हे लिहून ठेवतेय कारण एवढं सलग त्या प्रथमच बोलल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार, अमावास्या

आज ठरवून जागे राहिलो. मी, आई आणि हट्ट करून लेक. मागचा दिवा बंद, स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडी. थंडी चांगलीच. आईंनी घोंगडं पांघरलं आणि लेकीला त्यात घेतलं.

साडेबाराला आधी आवाज आला. सुपात वाल पाखडल्यासारखा, खळखळ, थांबून थांबून. साळूच्या शेपटीचे काटे पोकळ असतात, ते ती अशी वाजवते. मग ती दोघं आली. कॅमेऱ्यात दिसतात त्यापेक्षा कितीतरी मोठी. रिकाम्या वाफ्यात नाक खुपसून फिरली, मग अळवाकडे गेली. आम्ही तिघी श्वास धरून. मधेच भिंतीवरून काळी सावली सरकत गेली, शेपटी लांब, पाऊल न वाजवता. आणि वास आला. लेक माझ्या कानात म्हणाली, "आई, भात."

खरंच भात. आईंनीही हुंगलं आणि अंधारात हसल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ह्या जनावराला त्यांनी फक्त मसणाशी जोडलं होतं.

मग साळूने एकाएकी सगळे काटे फुलवले. अंग दुप्पट झालं. ओढ्याकडे तोंड करून दोघं थबकली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. कुत्री मात्र सगळीकडची एकदम गप्प झाली. एक मिनिट असेल, दोन असतील. आईंनी लेकीच्या तोंडावर हलकेच हात ठेवला. मग काटे हळूहळू मिटले आणि ती दोघं मोरीतून गेली. ओढ्याच्या बाजूला न जाता भिंतीलगत खालच्या अंगाला गेली, हे कॅमेऱ्यात नंतर पाहिलं. ओढ्यात काय होतं, ते कॅमेऱ्यात नाही.

लेक झोपल्यावर मी आईंना विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली की. वाटाय नगं व्हय?"

२३ नोव्हेंबर, रविवार

गवंडी सकाळी आला. मी नवऱ्याशी रात्री बोलले होते, काकांशी सकाळी. आमच्या भिंतीची मोरी बुजवायची नाही. बाकीच्यांनी आपापल्या भिंतीचं ठरवावं. त्याऐवजी आम्ही कोपऱ्यावरचं खरकटं बंद करायचा विषय लावून धरला आहे, घंटागाडी रोज येते, तिच्यातच टाकायचं. त्याला मात्र सगळे तयार झाले. लेकीची सायकल पुढच्या अंगणात आणली. दिवेलागणीनंतर ती मागे जाणार नाही, एकटी तर नाहीच. तिने कुरकुर केली, पण ऐकलं. काका अजून नाराज आहेत. पिंजऱ्याचं पुन्हा काढलं नाही, एवढं मला पुरे आहे.

आईंना साळूसाठी मोरीशी भाकरीचे तुकडे ठेवायचे होते. मी नको म्हणाले. आयतं मिळायला लागलं की त्यांची भीड चेपते आणि मग त्यांच्याच जिवावर येतं. आईंना हे पटलं नाही. पण ठेवले नाहीत.

गवंड्याला चहा देऊन परत पाठवलं आणि मी भिंतीच्या बुडाशी साचलेला पाला काढायला घेतला. जिथे उदमांजराची ती ठरलेली जागा आहे, बरोबर तिच्या खाली, एक रोप निघालं. हातभर उंच. टोकाची पानं अशी की माशाची शेपटी कात्रीने कापून ठेवलीय. भेर्लीमाड. आम्ही कधी लावला नाही. जवळपास कुणाच्या दारात मी तरी पाहिलेला नाही. त्याची लाल फळं खाताना माणसाच्या तोंडाला खाज सुटते, पण उदमांजर ती आवडीने खातं आणि बिया अशा भिंतीवर आणून टाकतं. कुठलं फळ, कुठल्या घळीतलं, कोण जाणे.

आई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "ह्येला तुरा कवा येतो?"

मी म्हणाले, पंधरा वर्षं तरी लागतील. आणि एकदा फुलायला लागला की वरून खाली फुलत येतो आणि मग मरतो.

त्या काही बोलल्या नाहीत. खुरपं मागितलं. रोपाभोवती बसून आळं केलं, तांब्याभर पाणी घातलं. मग मला म्हणाल्या, "करवंदीच्या दोन फांद्या तोडून आन. काट्याच्या. भवतीनं लाव, न्हाय तर साळू साल सोलंल रातच्याला."

मी कोयता घेऊन ओढ्यात उतरले.