कोंबडा आणि पेत्र

कोंबडा हा प्राणी मला कधीच फारसा आवडला नाही. ताटातला सोडून. त्याच्या चालण्यात उगाचची मिजास असते आणि ओरडणं असं, जणू सूर्य याच्याच परवानगीनं उगवतो. आमच्या वसईच्या वाड्यांमध्ये आता केळी कमी आणि इमारती जास्त झाल्या, तरी कुणाच्या ना कुणाच्या मागीलदारी एखादा कोंबडा टिकून आहे आणि तो उजेडाचा पत्ता नसताना, पहाटे साडेतीनलाच सुरू होतो. त्यात त्याचा दोष नाही म्हणे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते आपल्या वेळेला आरवत राहिले, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, ही आपली म्हण खरीच. पण झाकलेलं कोंबडंही गप्प बसत नाही.

साडेतीनचा कोंबडा ऐकायला साडेतीनला जागं असावं लागतं. दुकान बंद करावं लागल्यानंतर बराच काळ मी असायचो. दिवसा माणूस निभावून नेतो. लग्नात, मयताला, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात कुणी ‘हल्ली काय चाललंय?’ विचारलं की ‘बघतोय काहीतरी’ म्हणत हसायचं, एवढं जमतं. पहाटे विचारणारं कुणी नसतं, म्हणून तेव्हा उत्तरं टाळता येत नाहीत. बरोबरीच्यांची घरं झाली, पोरं मार्गाला लागली, आणि आपण? धीर द्यायला येणाऱ्यांचा तर मला वैतागच यायचा. ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य सहसा ज्याचं सगळं सुरळीत चाललेलं असतं तोच म्हणतो.

मला आधार मिळाला तो कोंबड्याकडून. म्हणजे येशूचा पट्टशिष्य पेत्र, त्याच्याकडून, पण त्या दोघांना वेगळं काढता येत नाही.

गोष्ट आमच्या ख्रिस्ती घरांतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही, अशी पेत्राची बढाई. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, हे येशूचं उत्तर. आणि मग त्याच रात्री, येशूला पकडून नेल्यावर, प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटीशी अंग शेकत बसलेला पेत्र म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. समोर कोण? राज्यपाल नाही, तलवारवाला शिपाई नाही, एक दासी. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांपैकी एकात) तर तो शपथा घेतो, शिव्याशाप देतो, आणि तिथं कोंबडा दोनदा आरवतो. मग पेत्र रडतो.

गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातला हा भाग वाचला जातो, तेव्हा लहानपणी मला पेत्राचा राग यायचा. आता वेगळंच वाटतं. ही लाजिरवाणी गोष्ट लिहून ठेवली कुणी, आणि का? नाताळची गोष्ट, गोठा आणि मेंढपाळ आणि तारा, चारपैकी दोनच शुभवर्तमानांत आहे. पेत्राचं नाकारणं मात्र चारही शुभवर्तमानांत आहे. ज्याला पुढे ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, प्रमुख मानलं, त्याचीच फजिती चौघांनी नोंदवली. दुसऱ्या शतकातल्या पापियास नावाच्या बिशपांनी लिहून ठेवलंय की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता, पेत्र जे सांगे ते आठवून त्यानं लिहिलं. हे खरं धरलं तर सगळ्यात कडक वृत्तांत ज्या पुस्तकात आहे, तो खुद्द पेत्राच्या तोंडचा. म्हातारपणी रोममध्ये लोकांसमोर उभा राहून तो सांगत असणार: मी दासीला घाबरलो. आमच्याकडे लोक दहावीत नापास झाल्याचंसुद्धा नातवंडांपासून लपवतात.

त्याच मार्कात, शेवटच्या अध्यायात, रिकाम्या कबरेपाशी बसलेला तरुण स्त्रियांना निरोप देतो: जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. पेत्र शिष्यांत धरलेला नव्हता का? होता. पण नुसतं ‘शिष्यांना’ म्हटलं असतं, तर ‘त्यात मी नाही’ असं म्हणत तो कोपऱ्यात बसून राहिला असता. मी बसलोच असतो. माझा सगळा विश्वास कधीकधी त्या ‘आणि पेत्राला’ एवढ्यावर उभा असतो. बाकीचं धर्मज्ञान फादरांनी सांभाळावं.

आणि पुढची एक भेट कशी, तर तिबेर्याच्या समुद्रावर, म्हणजे गालीलच्या सरोवरावर. रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही, हे पेत्राचं आणखी एक अपयश. तेही त्याच्या स्वतःच्या धंद्यातलं. पहाटे किनाऱ्यावर येशू उभा. मग जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे येतात (कुणीतरी ते मोजले, यावरून ती माणसं खरी कोळी होती हे मला पटतं), पण येशूनं विस्तवावर मासळी आणि भाकर आधीच ठेवलेली असते. तो म्हणतो, या, न्याहारी करा. त्या रात्रीबद्दल चकार शब्द नाही. पोटात घास गेल्यावरच तो विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तीनदा. जेवढ्या वेळा नाकारलं तेवढ्या वेळा. आणि दर उत्तराला एक काम देतो: माझी मेंढरं राख.

माझं दुकान पुन्हा उघडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. प्रार्थनेनं धंदा परत आला अशा साक्षी मी ऐकल्या आहेत, माझ्याकडे तशी नाही. पण साडेतीनचा कोंबडा ऐकून मी कूस बदलतो आणि ‘आणि पेत्राला’ म्हणतो. बहुधा झोप लागते.

पेत्र तरी पुढं सुधारला का? पूर्ण नाही. अंत्युखिया शहरात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायला बसायचा. यरुशलेमहून अशा पंगतीला नाक मुरडणारे काही जण आले, तसा त्यांना भिऊन त्यानं अंग काढून घेतलं. पुन्हा तीच खोड. प्रेषित पौलानं त्याला तोंडावर सुनावलं आणि वर गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ते लिहूनही टाकलं. ख्रिस्तसभेनं या दोघांचा सण एकाच दिवशी ठेवला आहे, २९ जूनला. ज्यानं हे ठरवलं, त्याला माणसांची चांगलीच पारख असणार.