तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या अरुंद फटीतून प्रकाश जातोच कसा?

चांदीच्या थरात ओळीने समांतर फटी पाडल्या. एकेक फट ५० नॅनोमीटरची आणि प्रकाशाची तरंगलांबी ७०० नॅनोमीटर. मग प्रकाश पार जातोच कसा? विचारणाऱ्यांपैकी बरेच जण उत्तरही सोबत घेऊन येतात: "प्लाझ्मॉनमुळे ना?" (प्लाझ्मॉन म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन आणि प्रकाश मिळून चालणारी लहर.) हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे.

आधी बघायचं ते पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र कुठल्या दिशेने डोलतं ते. विद्युतक्षेत्र फटीच्या लांबीला समांतर असेल, तर दोन्ही भिंतींवर ते शून्य व्हावं लागतं. म्हणजे फटीच्या रुंदीत निदान अर्धी लाट मावली पाहिजे. तरंगलांबी रुंदीच्या दुपटीहून मोठी झाली की ती मावत नाही आणि क्षेत्र आत शिरताच विझत जातं. आदर्श धातूत, ५० नॅनोमीटरच्या फटीत, दर १६ नॅनोमीटरला ते साधारण २.७ पटीने घटतं. खऱ्या चांदीत क्षेत्र भिंतींतही थोडं शिरतं, त्यामुळे फट आहे त्याहून रुंद असल्यासारखी वागते. तरीही २५० नॅनोमीटर जाड थरातून दहा लाखांतला एक भागही बाहेर पडत नाही.

क्षेत्र फटीला आडवं, म्हणजे एका भिंतीकडून दुसरीकडे असेल, तर चित्रच पालटतं. समोरासमोरच्या दोन भिंती म्हणजे दोन तारांची जोडी. एका भिंतीवर धन प्रभार, दुसरीवर ऋण, आणि प्रवाह भिंतींवरून थराच्या जाडीच्या दिशेने वाहतो. अशा जोडीला किमान रुंदीची अट नसते. फट कितीही अरुंद करा, एक मोड, म्हणजे फटीतून पुढे जाऊ शकणारी क्षेत्राची एक ठरावीक मांडणी, आत शिरतोच. कुंपणाच्या फटीतून दोरी हलवून पोलरायझेशन शिकवायची जी जुनी पद्धत आहे, तिने इथे नुकसानच केलंय. दोरीच्या उदाहरणात फटीला समांतर हालचाल पार जाते, धातूच्या जाळीत नेमकी तीच अडते. हर्ट्झने १८८८ मध्ये तारांच्या जाळीवर विद्युतचुंबकीय लहरी सोडून हेच दाखवलं होतं.

पण मोड आत शिरला म्हणजे भरपूर प्रकाश बाहेर आला असं नाही. फटीच्या दोन्ही तोंडांशी तो परावर्तित होतो, त्यामुळे फट दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीसारखी वागते: थराच्या जाडीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येने बसल्या की रेझोनन्स, म्हणजे आतल्या आत उसळणाऱ्या लाटा एकमेकींना बळ देतात. यात दोन दुरुस्त्या लागतात. एक, अरुंद फटीत लाट आखडते. ५० नॅनोमीटरच्या चांदीच्या फटीत, ७०० नॅनोमीटरला, प्रभावी अपवर्तनांक (लाट मोकळ्या जागेतल्यापेक्षा किती पट आखडते तो आकडा) १.४ च्या आसपास येतो, म्हणजे अर्धी लाट सुमारे २५० नॅनोमीटर. दोन, क्षेत्र तोंडांबाहेर थोडं फुगतं, त्यामुळे लागणारी खरी जाडी २५० पेक्षा कमी भरते. ही दुसरी दुरुस्ती विसरली की मोजलेलं शिखर (जिथे सर्वात जास्त प्रकाश पार जातो ती तरंगलांबी) हिशेबापेक्षा लांब तरंगलांबीकडे सरकलेलं दिसतं आणि दोष बिचाऱ्या थराच्या जाडीवर जातो.

फटींमधलं अंतर ६०० नॅनोमीटर असेल तर उघडा भाग जेमतेम ८ टक्के. रेझोनन्सला मात्र त्याच्या कितीतरी पट प्रकाश पार जातो, कारण धातूवर पडणारी ऊर्जाही फटीकडे वळते. धातू शोषून घेत नसता, दोन्ही बाजू सारख्या असत्या आणि सरळ जाणारा एकच क्रम (फटींची रांग प्रकाशाला ज्या ठरावीक दिशांत विभागते, त्यातली एक दिशा) उरला असता, तर सगळाच प्रकाश गेला असता. पण फट अरुंद करत गेलं की शिखर टोकदार होतं, प्रकाश आत जास्त वेळ घुटमळतो आणि शोषण त्याला गिळतं.

आता प्लाझ्मॉन. पोर्टो, गार्सिया-विदाल आणि पेंड्री यांनी १९९९ मध्ये सोन्याच्या ग्रेटिंगसाठी (ग्रेटिंग म्हणजे अशा समांतर फटींची रांग) प्रकाश पार जाण्याच्या दोन वाटा मांडल्या: फटीतला रेझोनन्स आणि दोन्ही पृष्ठभागांवरच्या लहरींची, म्हणजे प्लाझ्मॉनची, जोडणी. २००२ मध्ये काओ आणि लालान यांनी दाखवलं की अतिअरुंद फटींच्या ग्रेटिंगमध्ये ही पृष्ठलहर उलट अडसर ठरते. आपल्या ग्रेटिंगवर सरळ प्रकाश टाकला तर ती हवेच्या बाजूला ६२० नॅनोमीटरच्या आसपास जागी होते, आणि तिथे शिखराऐवजी खड्डा शोधावा. गोल छिद्रांची गोष्ट वेगळी. लहान छिद्रात कुठलंच पोलरायझेशन धड शिरत नाही, त्यामुळे धातूच्या थरातल्या बारीक छिद्रांच्या जाळीतून अपेक्षेहून जास्त प्रकाश जातो हे दाखवणाऱ्या १९९८ च्या एबेसनच्या प्रयोगाचं स्पष्टीकरण जसंच्या तसं फटींना चिकटवू नये.

मोजताना काच फसवते. १.५ अपवर्तनांकाच्या काचेवर हेच ग्रेटिंग असेल, तर ७०० नॅनोमीटरला पहिला क्रम, म्हणजे सरळ दिशेच्या शेजारची पहिली तिरपी दिशा, काचेत ५१ अंशांनी जातो. काचेतून हवेत सुटण्याची मर्यादा ४२ अंशांच्या आत, म्हणजे तो प्रकाश काचेतच अडकून कडांपर्यंत जातो आणि डिटेक्टरला दिसतच नाही. "नमुना पारच करत नाही" म्हणण्याआधी काचेची कड बघा. शिवाय झोत लेन्सने घट्ट एकवटू नका: ६०० नॅनोमीटरच्या अंतराला कोन एका अंशाने बदलला की पृष्ठलहरीचा खड्डा सुमारे १० नॅनोमीटर सरकतो, आणि रुंद शंकूत तो पुसला जातो.

चांदी काचेला धरून राहावी म्हणून खाली क्रोमियम घालतात. दोन-तीन नॅनोमीटरच्या वर गेलात तर तेच शोषायला लागतं. आयन झोताने कोरलेल्या फटी वर रुंद, तळाशी निमुळत्या होतात. वरून काढलेल्या फोटोतली रुंदी हिशेबात घालू नका, छेद घेऊन मोजा.

आकडेमोड फूरिए पद्धतीने (ग्रेटिंग आणि क्षेत्र साइन-लाटांच्या बेरजेत मांडून) करत असाल, तर आडव्या क्षेत्रासाठी १९९६ च्या सुधारित नियमांचा कोड आहे ना हे पाहा. जुन्या मांडणीत बेरजेतली पदं वाढवत गेलं तरी उत्तर स्थिरावायला फार वेळ घेतं. पदं दुप्पट करून शिखर हललं, तर ते शिखर अजून खरं मानू नका.