आमची वाटचाल : नोंदवहीपासून पडद्यापर्यंत

कार्यालयातील नोंदवह्या, फायली आणि कार्बन लावून काढलेल्या प्रती यांच्या जागी त्या त्या कार्यालयाला साजेसे असे साधे सॉफ्टवेअर करून देणे, हाच आमचा पहिल्यापासूनचा व्यवसाय आहे. सुरुवात मी आणि माझे भागीदार अशा दोघांनी केली. आमचे हत्यार होते फॉक्सप्रो, म्हणजे माहितीचे तक्ते साठवण्याची आणि त्यांवर चालणारे प्रोग्रॅम लिहिण्याची व्यवस्था. ज्यांनी त्यात काम केले आहे, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. आज्ञा लिहिण्याच्या चौकटीत, म्हणजे कमांड विंडोत, ‘ब्राउझ’ लिहिले की सारा तक्ता समोर येई, नोंदी चटकन शोधून देणारी सूची, म्हणजे इंडेक्स, बिघडला तर तो नव्याने बांधून घेता येई, आणि हे तक्ते ज्यात साठत ती डीबीएफ फाइल इतकी सरळ की ती आजही लिब्रेऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

आमचे पहिले मोठे काम यंत्रदुरुस्ती करणाऱ्या एका आस्थापनेचे होते. तेथील मुख्य लेखनिक बाईंची आवक नोंदवही आम्ही पानापानाने वाचली. छापील रकाने ठरलेले होते. पण खरा कारभार समासात पेन्सिलीने लिहिलेल्या शेऱ्यांवर चालत होता : ‘सुटा भाग येणे बाकी’, ‘पार्टी फोन करणार’, ‘बिल साहेबांना दाखवून मगच’. म्हणून आमच्या पडद्यावर शेऱ्याला हवी तेवढी जागा मिळाली. वहीत चुकलेली नोंद कोणी पुसत नाही, तांबडी रेघ मारून सही करतात; म्हणून आम्ही नोंद काढून टाकण्याची सोयच ठेवली नाही. ती रद्द करता येई, मात्र क्रमांक तसाच राही आणि कोणी, केव्हा व का रद्द केली, हे शेजारी दिसे. रकान्यांचा क्रम वहीचाच ठेवला आणि पुढे जाण्यासाठी एंटरची कळ दिली, कारण आकडे टाकणाऱ्याचा उजवा हात अंकांच्या कळांवरून हलता कामा नये. हे ज्याला क्षुल्लक वाटते, त्याने एकदा दिवसभर बिले टाकून पाहावीत.

पुढची काही वर्षे कामे मिळत गेली. मग २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची, म्हणजे फॉक्सप्रोच्याच पुढच्या रूपाची, नववी आवृत्ती हीच शेवटची असल्याचे जाहीर केले. तिचे साहाय्य जानेवारी २०१५ पर्यंत चालू राहणार होते, म्हणजे नव्या व्यवस्थेकडे जायला भरपूर अवधी होता. परंतु तयार पॅकेज विकणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या ग्राहकांकडे जाऊन ‘यांचे सॉफ्टवेअर उद्या बंद पडणार’ असे सांगितले आणि पहिल्या वर्षाचा दर आमच्या निम्म्याने लावला. बरेच ग्राहक गेले, काहींनी आमची जुनी येणीही थकवली. भाडे आणि पगार भागेनात, तेव्हा भागीदारांनी नोकरी धरली. त्यांच्यावर संसाराचा भार होता, त्यामुळे मी त्यांना कधीही बोल लावला नाही. प्रतिस्पर्ध्याबद्दल मात्र मला तसे म्हणता येत नाही. त्याच्या पॅकेजमध्ये शेऱ्याला जागा नव्हती, म्हणून लोक पुन्हा पेन्सिल घेऊन वह्या लिहू लागले. आणि ते सोडायचे ठरवल्यावर स्वतःच्याच नोंदी परत मिळवण्यासाठी त्यांना वेगळे पैसे मोजावे लागले.

त्या काळात लेखनिक बाई आमच्या पाठीशी ठाम उभ्या राहिल्या. ‘माझी वही यांनी वाचली आहे,’ असे मालकांना सांगून त्यांनी वर्षभराच्या देखभालीची रक्कम आगाऊ मंजूर करून घेतली. त्या रकमेच्या आधारावर आम्ही त्यांची सारी माहिती पोस्टग्रेस या माहिती साठवण्याच्या मोफत व्यवस्थेवर नेली. जुनी व नवी व्यवस्था काही काळ शेजारी-शेजारी चालवली, आणि रोज संध्याकाळी दोन्हींकडच्या बेरजा बाई स्वतः ताडून पाहत. एकदा काही पैशांचा फरक आला, तो सापडेपर्यंत त्या घरी गेल्या नाहीत. जुन्या व्यवस्थेत एका ओळीचे पूर्णांकन वेगळ्या पद्धतीने होत होते. गेलेल्या ग्राहकांपैकी अनेक जण नंतर परत आले ते बाईंच्याच शब्दावर.

या धंद्यात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, कपाटातील सगळ्या जुन्या वह्या संगणकात भरून देण्याचे काम अंगावर घेऊ नये. ठरलेल्या तारखेची शिल्लक आणि अपुरी प्रकरणे तेवढी घ्यावीत, बाकी वह्या क्रमांक घालून जपून ठेवाव्यात. आणि माहिती ग्राहकाची आहे, ती मागताक्षणी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकुरात) विनामूल्य मिळेल, हे कलम करारात पहिल्याच पानावर घालावे. आमच्या करारात ते आहे. त्या प्रतिस्पर्ध्याच्या करारात ते आजही नाही.