थंडीआधी अंगणातली कामं
दिवाळी झाली की इथे ठाण्यात, येऊरच्या पायथ्याशी पहाटे गारवा जाणवायला लागतो आणि मला सगळ्यात आधी आठवते ती तुळस. तुळशीचं लग्न झालं की लगेच मंजिऱ्या खुडून टाकते, कारण बी धरलं की झाड सगळा जीव त्यातच घालतं आणि थंडीत पानं गळून नुसत्या काड्या उरतात. मागच्या वर्षी हे राहून गेलं आणि आईने दिलेली तुळस गेली, फार वाईट वाटलं.

पावसाने कुंड्यांमधली माती दगडासारखी बसलीये, वर हिरवं शेवाळ. खुरप्याने वरची दोन इंच हलकेच उकरली, मूठभर निंबोळी पेंड, शेणखत, आणि वरून सुकी पानं पसरली. पानं जाळू नका प्लीज, झाडांचं पांघरूण आहे ते! पाणी आता सकाळीच, तेही बोट मातीत घालून बघायचं, ओल लागली तर राहू दे. अडेनियमला (जाड बुंध्याचं फुलझाड) तर अगदीच कमी, ते थंडीत झोपतं, पाणी जास्त झालं की बुंधा मऊ पडून कुजतो.

रिकाम्या कुंडीत मेथी टाकलीये, धणे रगडून दोन फाकी करून पेरलेत. मेथीचे कोंब कालच दिसले, धण्यांना अजून आठवडाभर लागेल.