ट्यूब काटा विसरते, चकती डूख धरते

सोलापूरच्या पंक्चरवाल्याला गिऱ्हाइकाची चिंता नको. शिवारातल्या बाभळी त्याची सोय बघतात. ट्यूबचा स्वभावही सरळ. काल टायरला चाटून गेलेला काटा ती हिशेबात धरत नाही. आजचा घुसला तर घुसला.

पूर्व भागात खाली टॉवेलचे माग आणि वर बिऱ्हाड, अशा घरात टीव्हीमागे लावलेला स्पाइकगार्ड (विजेच्या लाटेपासून जपणारी प्लगची पट्टी) मात्र डूख धरतो. त्याच्या पोटात झिंक ऑक्साइडची चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. वळवाची वीज कडाडली की तारेतून आलेली लाट ती गिळते आणि दर वेळी थोडी खंगते.

आता दोन वस्तू घेऊ. धक्के कधीही येतात, सरासरी महिन्याला 1. पहिली ट्यूबच्या जातीची: प्रत्येक धक्क्याला मरायची शक्यता तिनात एक. दुसरी चकतीच्या जातीची: दोन सोसते, तिसऱ्याला हमखास जाते. सरासरी आयुष्य दोघींचं 3 महिनेच. दुकानदार म्हणणार, ‘दोन्ही सारखंच चालतंय बघा.’ पण पहिल्याच महिन्यात पहिल्या जातीतल्या शंभरातल्या 28 जातात, दुसरीतल्या फक्त 8. सहा महिन्यांनी पारडं फिरतं: पहिलीतल्या 13-14 अजून जिवंत, दुसरीतल्या जेमतेम 6. अशा धक्क्यांचं गणित एसारी, मार्शल आणि प्रोशान या गणितज्ञांनी 1973 साली नीट मांडलं.

म्हणून काट्याच्या धास्तीनं धडधाकट ट्यूब बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. (रबरच विरलं असेल तर गोष्ट निराळी.) चकती मात्र मरायच्या आधी काढावी. 230 व्होल्टच्या घरात बहुधा 275 व्होल्टची असते, अंगावर 431 हा आकडा (43 पुढे 1 शून्य, म्हणजे 430). म्हणजे 1 मिलिअँपिअर वाहताना तिच्यावर 430 व्होल्टच्या आसपास दाब हवा. मूळ मापापासून 10 टक्के सरकली की ती संपली समजा. साध्या मल्टिमीटरवर ओहम बघून हे कळत नाही, तो शॉर्ट झालेलीच काय ती दाखवतो. खंगलेल्या चकतीतून एरवीही करंट झिरपतो, ती तापते, तापली की आणखी झिरपतो. शेवटी शॉर्ट. म्हणून तिला लागून थर्मल फ्यूज (तापलं की वीज तोडणारा) हवा. स्वस्त पट्टीत अनेकदा नेमका तोच गाळलेला असतो, आणि लाल दिवा मात्र ऐटीत जळत राहतो.

खांबावर न्यूट्रल (परतीची तार) तुटला तर हे सगळं गणित गुंडाळून ठेवा. घरात 400 व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि तसाच राहतो. मायक्रोसेकंदांच्या लाटेसाठी केलेली चकती तिथं बघता बघता जळते, मग ती कालच बसवलेली का असेना. त्यासाठी मीटरनंतर ओव्हरव्होल्टेज रिलेच (दाब चढला की वीज तोडणारा) लागतो.