मॅग्नेट की कॅप

१२ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर बर्फ पडलं, त्यामुळे आज शाळेला सुट्टी. मी स्वयंपाकघरात बसून ऑफिसची मीटिंग ऐकत होते, तेवढ्यात लेक जिन्यावरून ओरडली, "आई, दोन्हीकडे झालं!"

माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलच्या मॅग्नेट या खास अभ्यासक्रमाला तिची निवड झालीय आणि त्याच शाळेच्या कॅप या दुसऱ्यालाही. एकाला हो म्हणायचं, दुसरं सोडायचं. २१ तारखेपर्यंत मुदत आहे.

मीटिंग संपल्यावर आधी शिरा केला. मग ताईला पुण्याला फोन लावला. "कॅपला लागला नंबर," म्हटल्यावर ती म्हणाली, "कितव्या राउंडला?" तिच्या मुलाची अकरावीची ॲडमिशन गेल्याच वर्षी झाली, तिच्या कानात कॅप म्हणजे तीच प्रवेशप्रक्रिया. तिला समजावून सांगताना माझं मलाच नीट कळलं, म्हणून इथेही लिहून ठेवते.

ब्लेअर ही अमेरिकेतल्या मेरीलंड राज्यात, सिल्व्हर स्प्रिंगमधली सरकारी शाळा. फोर कॉर्नर्स या भागात, वॉशिंग्टन शहराभोवती फिरणाऱ्या बेल्टवे या महामार्गाच्या अगदी कडेला. तीन हजारांहून जास्त मुलं. आमचं घर तिच्याच हद्दीत आहे, म्हणजे कुठेच निवड झाली नसती तरी लेक नववीला तिथेच गेली असती. या एका शाळेत दोन खास अभ्यासक्रम चालतात. पहिला विज्ञान, गणित आणि कॉम्प्युटरचा. त्यालाच इथे सगळे नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात. वर्षाला साधारण शंभर मुलं घेतात, तीही लांबलांबून येतात. दुसरा कम्युनिकेशन आर्ट्‌स प्रोग्राम, म्हणजे कॅप. त्यात इंग्रजी, इतिहास-नागरिकशास्त्र आणि माध्यमं हे विषय एकमेकांत गुंफून शिकवतात. एकच विषय धरून तिन्ही शिक्षक मिळून मुलांकडून काम करवून घेतात. दोन्हीकडे फी नाही.

ताई म्हणाली, "मग विचार कसला करताय? सायन्सच."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नवराही तेच म्हणाला, पण त्याची कारणं नीट विचार केलेली आहेत. तो एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेत आहे. मॅग्नेटची मुलं अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात खऱ्या प्रयोगशाळांमध्ये संशोधन करायला येतात, ती त्यानं पाहिलीत. त्याच्या मजल्यावर एक मुलगा आला होता. पहिले दोन आठवडे तो नुसता चुकत होता, आणि रोज संध्याकाळी कुठे चुकलं ते वहीत लिहून जात होता. "सतराव्या वर्षी हे आपल्याला कुणी करू दिलं असतं?" नवरा म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही, कारण नसतंच करू दिलं.

तरीही माझं मन कॅपकडे आहे. घरात अजून स्पष्ट बोलले नाहीये. इथे लिहिते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

१९९४ साली मी सांगलीत दहावी झाले. ८८ टक्के. आमच्याकडे पंच्याऐंशीच्या वर गेलेल्या मुलाला काय करायचंय असं कुणी विचारत नसे, मुलीला तर नाहीच. बाबा फॉर्म आणायला सकाळी सहापासून रांगेत उभे होते. घरी येऊन त्यांनी स्वच्छ अक्षरात 'विज्ञान' लिहिलं आणि सही कुठे करायची ते मला दाखवलं. त्यांच्या हाताला शाई लागली होती. माझ्यासाठी ते चार तास उन्हात उभे राहिले होते, तिथे मी काय बोलणार?

मला मराठी शिकायचं होतं. हे मी तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून बाबांनी माझं ऐकलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आठवड्याभरानं मराठीच्या बाई मंडईत भेटल्या. "कुठं घेतलंस?" म्हणाल्या. मी सांगितलं. त्या "छान, छान" म्हणाल्या आणि मेथीची जुडी निवडत राहिल्या. तो दुसरा 'छान' मी अजून विसरलेले नाही.

पुढचं सगळं चांगलं झालं. इलेक्ट्रॉनिक्स झालं, नोकरी लागली, इथे आले. सायन्सनंच आणलं. या घराचं छप्पर त्याच पैशातलं आहे, याचा मला कधी विसर पडू नये. पण ओपन हाउसला कॅपच्या वर्गात भिंतीवर मुलांनी काढलेले फोटो आणि त्यांखाली मुलांनी लिहिलेला मजकूर पाहिला, तेव्हा माझा घसा दाटून आला होता. लेक तेव्हा पुढे निघून गेली होती. तिनं पाहिलं नाही, ते बरं झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज बोलले. दुपारी जेवणं झाल्यावर नवऱ्यासमोरच तिला म्हणाले, "मला वाटतं तू कॅपला जावंस. तुझी ती बसची गोष्ट घे."

बसची गोष्ट म्हणजे अशी. आमच्या थांब्यावरची सकाळची बस कधीच वेळेवर येत नाही. मागच्या हिवाळ्यात लेकीनं सहा आठवडे रोज तिची वेळ टिपली. सुरुवातीला नुसता तक्ता होता. मग थांब्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांशी ती बोलायला लागली. ऑफिसं साफ करून घरी परतणाऱ्या एल साल्वादोर देशाच्या एक बाई. बस दहा मिनिटं चुकली की पुढची मेट्रो चुकते आणि मुलगा शाळेला जायच्या आधी त्याचं तोंड बघायला मिळत नाही, असं त्या सांगायच्या. एक इथिओपियाचे आजोबा डायलिसिसला जायचे. लेकीनं हे सगळं शाळेच्या अंकात लिहिलं. मी तो लेख आईला फोनवर मराठी करून वाचून दाखवला, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "थांब जरा, त्या आजोबांचं परत वाच."

तर मी म्हटलं, हे जिला जमतं तिनं हेच शिकावं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तो लेख अर्धवट आहे."

"कसा काय?"

"बस उशिरा येते हे मी लिहिलं. का येते ते मला सांगताच आलं नाही. बर्फ पडलं त्या दिवसांमुळे सरासरी वाढली का? की दर सोमवारी तसंच होतं? की सगळा योगायोगच होता? माझ्याकडे तीस आकडे होते आणि त्यांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणून मग मी माणसांविषयी लिहिलं."

मी तो लेख किमान दहा वेळा वाचलाय. त्यात काही राहून गेलंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या मुलीची निवड कुठेच झाली नाही. दोघी पहिलीपासून बरोबर. तिनं दोन्हीकडे अर्ज केला होता. ऑगस्टअखेरीपासून दोघी शाळेत एकाच दारानं जातील, जेवणाच्या सुट्टीत, पीटीला, एखाद्या इंग्रजीच्या वर्गातही भेटतील. पण दिवसातले बरेच तास एकीच्या फळ्यावर एक असेल आणि दुसरीच्या फळ्यावर दुसरं. तिची आई आज कचऱ्याचे डबे आत घेताना म्हणाली, "तुमच्या मुलीचा मला आनंद आहे." तिनं ते मनापासून म्हटलं, आणि मला काय बोलावं ते सुचेना.

रात्री मॅग्नेटचा इतिहास वाचत बसले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तोवर आमच्या याच काउंटीत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. निकाल लागला तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या, आणि मुलांना जबरदस्तीनं बसमध्ये घालून दुसऱ्या वस्तीतल्या शाळेत पाठवण्यावरून गावोगाव भांडणं झाली. त्यातून ही युक्ती निघाली. शाळेत असं काही शिकवायचं की पालक आपण होऊन मुलांना तिथे घालतील. १९६८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात एका प्राथमिक शाळेपासून हे सुरू झालं. ब्लेअरमध्ये मॅग्नेट आलं १९८५ साली. गोऱ्या घरांतली मुलं तिथून कमी होत चालली होती, ती परत खेचायची होती. म्हणून नाव चुंबकाचं. मी इतकी वर्षं समजत होते की चुंबक हुशार मुलांना खेचतं.

म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसावं म्हणून काढलेली ही सोय, आणि आज आम्ही चढाओढ करतोय ती तिच्यातल्या वेगळ्या वर्गासाठी. हे मला टोचतं. म्हणून मुलीला मिळालेली जागा सोडायला लावीन का? नाही लावणार. पण टोचतं तेही खरं.

लेकीला सांगितलं, तर तिनं मलाच एक गोष्ट सांगितली. ज्यांच्या नावानं ही शाळा आहे ते माँटगोमेरी ब्लेअर वकील होते. ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम स्वातंत्र्य मागायला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्याची बाजू ब्लेअरनी मांडली. १८५७ मध्ये निकाल विरुद्ध गेला. नंतर ते लिंकनच्या मंत्रिमंडळात पोस्टमास्टर जनरल झाले. "हरलेल्या केसमुळे लक्षात राहिलेला वकील," ती म्हणाली. हे तिला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, तिनं स्वतः शोधून काढलं. मला वाटलं, बघ, ही कॅपचीच आहे. पण तोंडातून शब्द काढला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज ठरलं. मॅग्नेट.

रात्री ती माझ्या खोलीत आली, पलंगावर मांडी घालून बसली. बाबाला बोलावू नकोस म्हणाली. तिचं म्हणणं जसं आठवतंय तसं लिहिते.

"आई, लिहिणं मी तशीही करणार. मला कुणी नाही शिकवलं तरी करणार. पण ते गणित मला एकटीला नाही जमणार. तिथे आधी फंक्शन्स आहे, पुढे स्टॅटिस्टिक्स आहे, प्रयोग कसा आखायचा त्याचा वेगळा विषय आहे. ते शिकायला मला कुणीतरी बरोबर लागेल. चुकलं की थांबवणारं. आणि सिल्व्हर चिप्स सगळ्या शाळेचं वर्तमानपत्र आहे. त्यात मॅग्नेटची मुलंही असतात, कॅपचीही आणि कशातच नसलेलीही. मी विचारून आलेय."

मी विचारलं, "बाबाला वाटतं म्हणून तर नाही ना?"

"नाही. आणि तुला वाटतं म्हणून कॅपला पण नाही."

हे ती रागानं बोलली नाही. पण मला लागलं, कारण खरं होतं. १९९४ साली सुटलेली माझी वाट मी हिच्या पायाखाली घालायला निघाले होते. बाबांनी फॉर्मवर 'विज्ञान' लिहिलं, मी 'कॅप' लिहिलं असतं. शब्द वेगळा, हात तोच. फरक इतकाच की मी गप्प बसले होते आणि ही बोलली. माझ्या वयाच्या सोळाव्या वर्षी माझ्यात नसलेलं काहीतरी हिच्यात तेराव्या वर्षी आहे, ते कुठून आलं मला माहीत नाही. पण ते आमच्या घरात वाढलं याचा मला फार आनंद आहे.

वाईटही वाटलं. ते लपवत नाही. दिवा मालवल्यावर थोडी रडले. नवरा जागा होता. त्यानं काही विचारलं नाही, नुसता हात डोक्यावर ठेवला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सव्वासहाला तिनं स्वतः बटण दाबलं. मी नुसती शेजारी उभी होते. कॅपच्या ओळीपुढे 'नाकारले' असं आलं. एका ओळीचं काम. वाट बघणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी ती जागा मिळेल.

मग ती बूट घालून बाहेर गेली. शेजारची मुलगी थांब्यावर आधीच उभी होती. खिडकीतून दिसत होतं, लेकीनं दप्तरातून ती जुनी वही काढली, बसचे आकडे लिहिलेली, आणि मैत्रिणीच्या हातात दिली. संध्याकाळी विचारलं तेव्हा कळलं. तक्ता परत सुरू करायचाय, या वेळी दोघींनी मिळून. एकीनं वेळ लिहायची, एकीनं हवामान आणि गर्दी. साल्वादोरच्या बाईंशी स्पॅनिशमध्ये मैत्रीण बोलणार, कारण ती तिची घरची भाषा आहे आणि मागच्या वेळी लेकीला अर्धंच कळलं होतं.

आज बस नऊ मिनिटं उशिरा आली. पहिला आकडा मैत्रिणीच्या अक्षरात आहे.